चांगली स्टाफ नर्स ते चांगली इन्चार्ज: मधलं कोणी शिकवतं का?

रातराणी

नऊ वर्षं मेडिकल वॉर्डला काढली. पुढच्या महिन्यापासून त्याच वॉर्डची इन्चार्ज म्हणून माझं नाव लागलंय. आनंद आहेच, पण पोटात गोळाही आलाय, म्हणून इथे विचारतेय.

गेल्या महिन्यात आमच्या इन्चार्ज सिस्टर रजेवर होत्या, तेव्हा दहा दिवस चार्ज माझ्याकडे होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन ॲडमिशन एकदम आल्या. त्यातला एक पेशंट धापा टाकत होता, त्याला मी स्वतः घेतलं. ऑक्सिजन लावला, सुई लावली, रक्त काढलं, नेब्युलायझेशन सुरू केलं. सगळं हातासरशी झालं. चाळीस मिनिटांनी मान वर केली तर दुसरी ॲडमिशन अजून स्ट्रेचरवरच, दोन वाजताच्या अँटिबायोटिक्सचा ट्रे तसाच झाकलेला, आणि दोन नव्या मुली स्टेशनजवळ उभ्या. "अगं, सुरू का नाही केलंत?" तर एक जण म्हणाली, "तुम्ही काही सांगितलं नव्हतं."

ते फार लागलं, कारण तिचं बरोबर होतं. एका पेशंटला मी उत्तम सांभाळलं आणि तेवीस जणांना वाऱ्यावर सोडलं.

आमच्या शिक्षणात 'वॉर्ड मॅनेजमेंट' विषय होता. व्याख्या पाठ केल्या, मार्क मिळाले. पण काम वाटून देणं, अडलेल्याला बोलतं करणं, डॉक्टरांशी ठामपणे बोलणं, हे तुम्ही कोणाकडून शिकलात? आणि त्या दोन मुली माझ्यासारख्या नऊ वर्षं थांबून मग चाचपडू नयेत यासाठी मी आत्तापासून काय करू?

केसपेपर

अभिनंदन रातराणी! वाचतेय. माझीही वेळ जवळ आलीय, त्यामुळे हा धागा बुकमार्क.

जुनी_मेट्रन

रातराणी, तुझा दुपारचा प्रसंग वाचला आणि मी थेट माझ्या पहिल्या वॉर्डात जाऊन पोचले. इन्चार्ज झाल्यावर पहिले सहा महिने मी त्या वॉर्डातली सगळ्यात दमलेली स्टाफ नर्स होते, बाकी काही नाही. शीर सापडत नाही? सिस्टरांना बोलवा. मॉनिटर बंद पडला? सिस्टर. नातेवाईक चिडले? सिस्टर. मला त्याचा अभिमान वाटायचा. मग एकदा आजारी पडून चार दिवस घरी राहिले. परत येऊन बघते तर ड्रेसिंग ट्रॉली अर्धी रिकामी, स्टोअरला इंडेंट (सामानाची मागणी) गेलेलं नाही, क्रॅश कार्टच्या (तातडीच्या उपचारांच्या ट्रॉलीच्या) तपासणीच्या वहीत चार दिवस कोरे. मुली कामचुकार नव्हत्या गं. इंडेंट कुठल्या दिवशी पाठवायचं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते फक्त माझ्या डोक्यात होतं.

आमच्या बाईंनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून सकाळचा एक तास हात खिशात ठेवायचे." मी शब्दशः ठेवले, ॲप्रनच्या खिशात. पहिल्याच दिवशी एक नवी मुलगी एका म्हाताऱ्या आजींना सुई लावत होती. शिरा दोऱ्यासारख्या. दोन प्रयत्नांच्या पुढे जायचं नाही, हे आजींना आणि तिला आधीच सांगून ठेवलं होतं. पहिली सुई बाहेर गेली. तिनं माझ्याकडे बघितलं. माझी बोटं खिशात वळवळत होती. मी विचारलं, "आता काय करशील?" तिनं क्षणभर विचार केला, आजींचा हात पलंगाखाली लोंबता ठेवला, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळला, पाच मिनिटं आजींशी गप्पा मारल्या आणि मग लावली. लागली. त्यानंतर त्या मुलीनं मला सुईसाठी कधी हाक मारली नाही. पुढे तीच बाकीच्यांना शिकवायला लागली.

नाईटिंगेलबाई म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई तेवढी आठवते, पण १८५४ साली ३८ नर्स घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात गेल्या तेव्हा त्यांचं निम्मं काम चादरी, स्वयंपाकघर, सामानाच्या याद्या आणि नोंदी यांचं होतं. मृत्यूंचे आकडे मांडून त्यांनी सरकारला दाखवलं की सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मरताहेत. आपण वॉर्डात असताना जे नीट होतं, ते आपण नसतानाही व्हावं याची घडी बसवणं, यावर त्यांचा सारा भर होता. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नावानं शाळा निघाली, तिथून शिकून निघालेल्या बायका दुसऱ्या हॉस्पिटलांत मेट्रन म्हणून गेल्या. म्हणजे पहिल्या पिढीपासून नर्सनं नर्स घडवायची, हेच ठरलेलं होतं.

स्टेथोवाला

मी डॉक्टर आहे, त्यामुळे थोडं विरुद्ध बाजूनं. वॉर्ड चालवणं, ड्युट्यांचं रोस्टर, सामान, शिकवणं, इथवर पूर्ण सहमत. पण हल्ली 'नर्सिंग लीडरशिप' म्हणताना उपचाराच्या निर्णयातही नेतृत्व असा सूर ऐकू येतो. पेशंटची कायदेशीर जबाबदारी माझी असते. एका पेशंटला दोन कप्तान झाले तर गोंधळ पेशंटच्याच अंगावर येतो. मला ऑर्डर पाळणारी सिस्टर हवी असं म्हणत नाहीये, पण सीमारेषा स्पष्ट हवी.

पॅरामीटर

स्टेथोवाला, कप्तान एकच असू दे. पण जहाज खडकावर निघालंय हे ओरडून सांगायचा हक्क डेकवरच्या प्रत्येकाला हवा की नको?

१९६६ चा एक प्रयोग आहे, मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांचा. अनोळखी डॉक्टरनं वॉर्डात फोन करून अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या असं सांगायचं. बाटलीवर स्पष्ट छापलेलं की दिवसाला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. फोनवर ऑर्डर घ्यायची नाही असा नियमही होता. २२ पैकी २१ नर्स औषध घेऊन पेशंटकडे निघाल्या. (औषध खोटं होतं आणि वाटेतच थांबवलं.) मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९७७ चा दुसरा प्रयोग. त्यात औषध ओळखीचं होतं आणि सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक होती. तेव्हा १८ पैकी फक्त दोघी द्यायला तयार झाल्या. दोन्हीकडे नर्सच. दुसऱ्या वेळी त्यांना औषधाची माहिती होती आणि शेजारी विचारायला माणूस होतं.

माझं स्वतःचं सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष, नाईट. केसपेपरवर इन्सुलिन १० युनिट लिहिलेलं, पण युनिटसाठीचा इंग्रजी 'यू' असा गोल काढला होता की तो शून्यच वाटावा. १० चे १०० दिसत होते. मी ड्युटीवरच्या सीनियरना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहिलंय ते दे. एवढ्यासाठी डॉक्टरांना उठवणार का?" मी भरायला घेतलं. सिरिंज काठोकाठ भरली आणि हात थांबला. एवढं इन्सुलिन एका वेळी कधी दिलंच नव्हतं. शेजारच्या वॉर्डात गेले, तिथल्या सिस्टरांनी माझ्या हातातली सिरिंज बघितली, एक शब्द न बोलता फोन उचलला आणि डॉक्टरांना विचारलं. "दहा! दहा लिहिलंय!" हा पलीकडचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्या सिस्टरांकडे पद काही नव्हतं. त्याही स्टाफ नर्सच. मला त्या रात्रीपासून नेतृत्व म्हटलं की त्यांचा फोन उचलणारा हात दिसतो.

केसपेपर

अंगावर काटा आला. युनिट हा शब्द पूर्णच लिहायचा, हा नियम म्हणूनच आहे.

नवखी

मी त्या 'स्टेशनजवळ उभ्या राहणाऱ्या' मुलींपैकीच आहे, दीड वर्ष झालंय. आमची बाजू सांगू का?

आम्ही उभ्या राहतो कारण आधी एकदा पुढे झालो होतो. एकदा पेशंटची लघवी कमी होतेय म्हणून मी स्वतःहून ब्लॅडर तपासलं, कॅथेटर वळलेलं होतं ते सरळ केलं आणि मग सांगितलं. तर सीनियरनी नातेवाइकांसमोर विचारलं, "तुला कोणी सांगितलं होतं?" लघवी आली, पेशंटला बरं वाटलं, पण मला त्या खोलीत पुन्हा जायची लाज वाटत होती. त्यानंतर मी ठरवलं, सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.

डॉक्टर बोलू देत नाहीत यावर सगळे बोलतात. आम्हाला आधी आमच्याच सिस्टर गप्प करतात.

जुनी_मेट्रन

नवखी, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. मीही हे केलंय. चारचौघांत बोललेय मुलींना. एकीनं पुढे दोन वर्षांनी वॉर्ड बदलून मागितला तेव्हा कारण कळलं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. चूक दाखवायची ती पडद्याआड, आणि शाबासकी मात्र पेशंटच्या पलंगाशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मला हे फार उशिरा जमलं.

स्टेथोवाला

पॅरामीटर, तुमचा किस्सा वाचून माझा वरचा प्रतिसाद पुन्हा वाचला. मी जबाबदारीचं बोललो, पण ती जबाबदारी मला पेलते ती रात्री फोन करणाऱ्या सिस्टरमुळे, हे लिहायला हवं होतं.

आता फोनबद्दलच. मला रात्री दोन प्रकारचे फोन येतात.

पहिला: "सर, बारा नंबर जरा बरा वाटत नाही." "म्हणजे काय होतंय?" "अस्वस्थ आहे." "बीपी?" "थांबा हं सर, बघून सांगते."

दुसरा: "सर, मेल मेडिकलमधून. बारा नंबर, निमोनिया, काल दाखल. दोन तासांपूर्वी श्वास २० होता, आता ३२. चार लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ८८. बीपी १२० वरून ९४ वर आलंय, लघवी कमी आहे. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन वाढवून ब्लड गॅसची तयारी करू का?"

दुसऱ्या फोनला मी बोलणं संपायच्या आत बूट घालत असतो. यात 'मला सेप्सिस (अंगभर भिनलेला संसर्ग) वाटतोय' आणि 'तुम्ही आत्ता यावं' ही दोन वाक्यं फार कमी सिस्टर बोलतात. आकडे सांगून थांबतात, पुढचं आम्ही ओळखावं म्हणून. असं सांगण्याच्या पद्धतीला एसबार म्हणतात, ती मूळची अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कैसर पर्मनंटे या अमेरिकी संस्थेनं ती हॉस्पिटलात आणली. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी मागणी. शेवटचे दोन भाग म्हणजेच तुमचं नेतृत्व असेल, तर माझी त्याला काहीच हरकत नाही. उलट मला तेच हवंय.

पॅरामीटर

सर, टाळ्या. हे प्रिंट काढून फोनशेजारी लावते.

एक भर. नुसतं 'बोला' म्हणून मुली बोलत नाहीत, मागे कोणीतरी उभं आहे हे दिसावं लागतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या आयसीयूत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालताना पाळायची पाच पायऱ्यांची यादी केली. हात धुणं, त्वचा निर्जंतुक करणं, पेशंट पूर्ण झाकणं वगैरे. यादीत नवीन काहीच नव्हतं. खरी जादू पुढच्या निर्णयात होती: डॉक्टरनं पायरी चुकवली तर नर्सनं काम थांबवायचं, आणि प्रशासन नर्सच्या बाजूनं उभं राहणार. लाइनचे संसर्ग जवळपास बंद झाले.

ब्रदर_आयसीयू

मी पुरुष नर्स. या धाग्यात एक गोष्ट राहतेय. मी आणि माझ्याहून चार वर्षं सीनियर सिस्टर एकत्र उभे असलो की नातेवाईक माझ्याशी बोलतात. नवे डॉक्टरही. मला दुसऱ्या वर्षीच 'तू शिफ्ट सांभाळ' म्हटलं गेलं, त्यांना सातव्या वर्षी. माझ्यात विशेष काही नव्हतं. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये याला 'काचेचा सरकता जिना' म्हटलं: स्त्रियांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या व्यवसायात पुरुष आपोआप वर ढकलले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ९० टक्के नर्स स्त्रिया आहेत. मग नेतृत्वाचा पहिला धडा घ्यायची संधी कोणाला मिळते, हेही इन्चार्जनं बघायला हवं.

मी आता एवढंच करतो. नातेवाईक माझ्याकडे वळले की मी एक पाऊल मागे होतो आणि म्हणतो, "या सिस्टर इन्चार्ज आहेत, त्या सांगतील."

केसपेपर

ब्रदर, ते एक पाऊल मागे आवडलं.

तिसरामजला

थोडं अवांतर: इन्चार्ज झाल्यावर मैत्रिणी टिकवायच्या असतील तर रोस्टर कसं लावायचं, यावर वेगळा धागा निघायला हवा! आमच्याकडे दर महिन्याला रोस्टर लागलं की परीक्षेच्या निकालासारखी भिंतीपाशी गर्दी.

रातराणी

तिसरामजला, अवांतर अजिबात नाही. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. 😀

जुनी_मेट्रन

रोस्टरवर एक खात्रीचा उपाय. सहा महिन्यांत कोणाच्या किती नाईट झाल्या आणि सणासुदीला कोण ड्युटीवर होतं, याचा तक्ता रोस्टरच्या शेजारीच लाव. सगळ्यांना दिसू दे. मी लावला त्या महिन्यापासून 'तिला नेहमी सोपी ड्युटी' हे कुजबुजणं निम्म्यावर आलं. आणि मलाच कळलं की एका अबोल मुलीला मी न कळत सगळ्यांपेक्षा जास्त नाईट दिल्या होत्या. ती कधी तक्रार करत नव्हती म्हणून.

बेड_नंबर_सात

सगळं छान चाललंय, पण मी जरा कडू बोलते. आमच्याकडे मागच्या वर्षी दिवसभराचं लीडरशिप ट्रेनिंग झालं. दोरीचे खेळ, गटचर्चा, प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी नाईटला मी एकटी आणि पेशंट बावीस. नेतृत्व कोणाचं करू, सलाईन स्टँडचं?

अमेरिकी नर्सिंग संशोधक लिंडा आयकेन यांचा २००२ चा अभ्यास सगळ्यांनी वाचावा. पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं. एका नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. माणसं द्यायची नाहीत आणि वर म्हणायचं नर्समध्ये नेतृत्वगुण कमी पडतात, हा अन्याय आहे.

गुणवत्ता_कक्ष

बेड_नंबर_सात, प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात आहे, आधी वॉर्डात होते. माणसं कमी असतील तर ती मागणं हेही इन्चार्जचंच काम, पण तिला ते मागायला शिकवलेलं नसतं. "स्टाफ कमी पडतोय" एवढंच वर गेलं तर फाइल हलत नाही. "गेल्या तीन आठवड्यांत अकरा नाईटना एक नर्स होती, त्यातल्या सहा रात्री सकाळी सहाचे डोस दीड तास उशिरा गेले, दोन पेशंट पडले" असं गेलं की ते बाजूला सारणं अवघड होतं. नाईटिंगेलबाईंचे तक्ते वर आलेच आहेत.

दिवसभराच्या ट्रेनिंगबद्दल माझं मत: त्यातून उत्साह येतो, सवय येत नाही. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकी ते तज्ज्ञ. तिसऱ्या पायरीवरची, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षं एकाच प्रकारच्या कामात असलेली नर्स, आधीपासून योजना आखू लागते. नेमकं तेव्हा तिच्या हातात काहीतरी छोटं, पण पूर्ण तिचं असं द्यायला हवं. क्रॅश कार्ट तुझं. बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा) तुझे. नव्या मुलींचं पहिलं पंधरा दिवसांचं शिकवणं तुझं. आपण काय करतो? तिला आठव्या-नवव्या वर्षापर्यंत फक्त कामं सांगतो आणि एका सोमवारी म्हणतो, आता तू सांग.

अजून एक. संशोधक एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम अभ्यासल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी निघतील. निघाल्या जास्त. शोधल्यावर लक्षात आलं की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. आम्ही एका वॉर्डाला 'चुकांची शून्य नोंद' म्हणून गौरवलं होतं. आता मला ती नोंद दिसली की मी आधी त्या वॉर्डात जाऊन चहाच्या वेळी मुलींशी बोलत बसते.

ओटी_सिस्टर

माझा अनुभव ऑपरेशन थिएटरचा. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल चेकलिस्ट २००८ मध्ये आली, १९ मुद्दे. २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांचे आकडे प्रसिद्ध झाले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. त्यात एक मुद्दा लोकांना हसण्यासारखा वाटतो, तो म्हणजे चिरा घेण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. आमच्याकडेही सुरुवातीला "आम्ही ओळखतो एकमेकांना" म्हणून सोडून द्यायचे.

मग हे घडलं. मोठी पोटाची शस्त्रक्रिया, चार तास झालेले, बाहेर पुढचा पेशंट. मी स्क्रब होते, म्हणजे सर्जनना हत्यारं देणारी. फ्लोअरला, म्हणजे टेबलाबाहेरच्या कामाला, नवी मुलगी, थिएटरमधला तिचा दुसरा महिना. पोट बंद करण्याआधी मोजणी केली. ती म्हणाली, "एक मॉप (रक्त टिपायचं जाड कापड) कमी." पुन्हा मोजलं. एक कमी. सर्जन म्हणाले, "बादलीत असेल, बघ." ती म्हणाली, "सर, बादली मी दोनदा जमिनीवर ओतून मोजली. मॉप सापडल्याशिवाय काउंट बरोबर असं मी लिहू शकणार नाही." तिचा आवाज कापत होता. हातातला काउंटचा बोर्डही कापत होता. कोणी काही बोललं नाही. मग मी म्हटलं, "सर, माझाही काउंट तोच आहे." सर्जननी टाके थांबवले, हात आत घातला. यकृताच्या वर, डायफ्रामच्या खाली, रक्तानं भिजून तिथल्याच रंगाचा झालेला मॉप निघाला.

सर्जननी मास्कमधूनच तिला नावानं हाक मारली आणि आभार मानले. नाव त्यांना माहीत होतं, कारण सकाळी तिनं ते सांगितलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे नावं सांगायची कोणी टाळत नाही.

नवखी

"सर, माझाही काउंट तोच आहे." ओटी_सिस्टर, हे वाक्य बोलणारं कोणीतरी आम्हाला हवंय.

रातराणी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार्ज घेऊन तीन आठवडे झाले, म्हणून परत आले.

ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) झाला की पाच मिनिटं उभ्या-उभ्या बोलतो. आज कोणावर जास्त लक्ष ठेवायचं आणि का, हे मी सांगत नाही, प्रत्येकीनं आपल्या पेशंटबद्दल सांगायचं. पहिला आठवडा सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. मी खिशात हात घालून उभी होते, मेट्रनबाई! क्रॅश कार्ट, फ्रीजचं तापमान, बेडसोअर आणि इंडेंट चौघींना वाटून दिलंय. नवखीनं लिहिलेलं वाचून त्या दोन मुलींना बाजूला घेऊन म्हटलं, की त्या दुपारी चूक माझी होती. त्यांना ते अपेक्षित नव्हतं.

एक अडचण सुटत नाहीये. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या एक ताई आहेत. इन्चार्जपद त्यांना मिळायला हवं होतं असं त्यांना वाटतं, आणि कदाचित ते खरंही असेल. मी सांगितलेलं काम करतात, पण एक शब्द बोलत नाहीत. त्या पाच मिनिटांत त्या भिंतीकडे बघत उभ्या असतात. काय करू?

तिसरामजला

कामं सांगू नकोस, सल्ला विचार. आणि खरंच ज्यात त्या तुझ्यापेक्षा चांगल्या आहेत तेच विचार, नाहीतर त्यांना लगेच कळेल.

गुणवत्ता_कक्ष

मी थोडी असहमत. सल्ला आधी नको, आधी स्पष्ट बोल. दार लावून, दोघीच. "हे पद तुम्हाला मिळावं असं तुम्हाला वाटत होतं, हे मला माहीत आहे" असं एकदा मोठ्यानं म्हटलं गेलं पाहिजे. ते न बोलता नुसता मान देत राहिलीस तर त्यांना ती मलमपट्टी वाटेल.

जुनी_मेट्रन

दोघींचं मिळून कर. आणि घाई नको. एक जण माझ्याशी सव्वा वर्ष नीट बोलली नव्हती.

नातेवाईक

मी या क्षेत्रातला नाही, शोधता शोधता इथे आलो. वडील एकोणीस दिवस वॉर्डात होते. पलंगाजवळ बसून दिवसभर तुमचंच काम बघत होतो, म्हणून लिहितो.

सकाळच्या पाळीला एक सिस्टर यायच्या. आधी वडिलांना नावानं हाक मारायच्या, मग मागच्या पाळीची सिस्टर आणि त्या आमच्यासमोरच बोलायच्या: रात्री किती लघवी झाली, खोकला कसा, आज काय करायचं. शेवटी मला विचारायच्या, "आमचं काही सुटलं का?" नवव्या दिवशी मी सांगितलं की वडील काल संध्याकाळपासून मला माझ्या भावाच्या नावानं हाक मारताहेत. मला ते थकव्यामुळे वाटत होतं. त्यांनी तिथेच थांबून तपासलं, डॉक्टरांना फोन केला. रक्तातलं सोडियम खूप खाली गेलं होतं, त्यामुळे ते गोंधळत होते. त्या इन्चार्ज होत्या की नाही मला अजून माहीत नाही. पण त्या असल्या की बाकीच्या सिस्टरही तसंच विचारायच्या.

स्टेथोवाला

पलंगापाशी ओव्हर. इतकं साधं, आणि किती ठिकाणी तो स्टेशनवर वहीतून होतो. धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. वडील बरे आहेत ना?

नातेवाईक

हो. चालायला लागलेत.

रातराणी

दोन महिन्यांनी.

ताईंशी दार लावून बोलले. त्या रडल्या, मीही. त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. पण परवा पाच मिनिटांच्या बोलण्यात त्यांनी भिंतीवरून नजर काढून एका पेशंटबद्दल सांगितलं, "हिच्या पायाकडे बघा, डावा सुजलाय." रक्ताची गुठळी (क्लॉट) निघाली. आता नव्या मुलींना पेशंट नुसता बघून काय ओळखायचं, हे त्या आठवड्यातून एकदा शिकवतात. माझ्याशी अजून बेताचंच बोलतात.

आणि काल दुपारी, 'तुम्ही काही सांगितलं नव्हतं' म्हणालेली ती मुलगी फोनवर होती. मी औषधांच्या कपाटाशी होते, तिला मी दिसत नव्हते. "सर, फिमेल मेडिकलमधून. चार नंबर. श्वास ३० आहे, सकाळी १८ होता." मग थांबली. मला वाटलं, आता संपलं. पुढे जावं का, असा विचार आला आणि जागेवरच थांबले. तिनं एक श्वास घेतला आणि म्हणाली, "मला काळजी वाटतेय. तुम्ही आत्ता यावं."

सर सात मिनिटांत आले.

नवखी

रातराणीताई, मला पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा नाईटचा चार्ज देताहेत. पहिल्या तासात काय करू?

रातराणी

सगळ्या पेशंटना एकदा स्वतः बघून ये, वहीत न बघता. मग बरोबरच्या मुलीला विचार, तिला कोणाची काळजी वाटतेय. आणि शेजारच्या वॉर्डात कोण आहे ते बघून ठेव, पॅरामीटरनं लिहिलंय तसं. सकाळी इथे येऊन सांग.